रंग ठरवताना सगळे घर एकदम डोळ्यांपुढे घ्यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : ग्रामीण भागातील घरांच्या आतील रंगसंगतीबाबत

महोदय,

पावसाळा उघडून सोयाबीनचे पैसे हाती आले की आमच्या वऱ्हाडात गावोगाव घरे रंगवण्याची घाई सुरू होते. तालुक्याच्या बऱ्याचशा दुकानांत आता रंग मिसळून देणारे यंत्र आले आहे आणि गिऱ्हाईक शेड कार्डावर बोट ठेवील ती छटा थोड्या वेळात डब्यात भरून मिळते. ही सोय चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर घरातील प्रत्येक खोलीला निराळा, आणि तोही भडक, रंग देण्याची रीत पडत चालली आहे. बैठक पोपटी, माजघर गुलाबी, मुलांची खोली जांभळी आणि स्वयंपाकघर नारिंगी अशी घरे मी आमच्या पंचक्रोशीत सर्रास पाहतो. आपल्याकडची घरे बहुधा अशी बांधलेली असतात, की सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, उभे राहिले तर एकामागून एक तीन-चार खोल्यांची दारे एका रेषेत दिसतात आणि नजर थेट परसदारापर्यंत जाते. अशा घरात एका दृष्टिक्षेपात चार रंग एकमेकांशी भांडत असतील, तर घर मोठे असूनही कोंदट वाटते आणि डोळ्याला कोठेच विसावा मिळत नाही. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवल्यामुळे गावातील लोक रंगाबाबत माझ्याकडे विचारणा करतात. त्यांना जे सांगतो, ते आपल्या दैनिकाच्या वाचकांपर्यंतही पोहोचावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

पूर्वीच्या घरांत रंगसंगती निराळी जुळवावी लागत नसे, याचे कारण त्या लोकांची निवड फार सूक्ष्म होती असे नसून त्यांच्यापाशी असलेली साधनेच एका कुळातली होती, हे आहे. पांढरी माती, चुना, त्यात घालायची थोडी नीळ, गेरू, काव आणि पिवडी (पिवळी माती) एवढ्यांतच सारे घर रंगत असे. चुना तीव्र क्षारधर्मी असतो, त्यामुळे त्यात मिसळलेले पुष्कळसे रंग लवकरच उडतात. गेरू, काव, पिवडी हे मातीतले, लोहयुक्त रंग मात्र त्यात टिकून राहतात. म्हणजे चुन्यानेच रंगांची निवड करून दिलेली असे, आणि भिंत, सारवलेली जमीन, छपराची कवेलू आणि लाकूड या सर्वांचे मूळ मातीत असल्याने घर आपोआप एक दिसत असे. ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहावी. गांधीजी १९३६ साली तेथे, त्या वेळच्या शेगावात, राहायला आले. कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी ताडाची झाडे आणि चरखा मातीच्याच उठावात काढलेला आहे. निराळा रंग न वापरता केवळ मातीच्या उंचसखलपणावर आणि पडणाऱ्या सावलीवर ती चित्रे दिसतात. सजावट करूनही भिंत शांत कशी ठेवावी, याचा इतका चांगला धडा विदर्भात दुसरीकडे मला आढळला नाही.

आता साधनांची ती मर्यादा उरलेली नाही, तेव्हा ती मर्यादा आपण होऊन घालून घ्यावी लागेल. ती कशी घालावी, हा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की जे बदलणार नाही तेथून सुरुवात करावी. भिंतीचा रंग पाच-सहा वर्षांनी बदलता येतो. फरशी, ओटा, दारे-खिडक्या मात्र पिढीभर तशाच राहतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातील फरशी नीट पाहावी. शहाबादी असेल तर तिच्यात निळसर राखाडी झाक असते; तिच्यावर पिवळाधमक किंवा पोपटी रंग परका वाटतो, उलट किंचित राखाडी मिसळलेला पांढरा, फिकट धुरकट निळा किंवा मंद हिरवट रंग तिच्याशी जुळतो. तांबड्या सिमेंटचा कोबा असेल, किंवा चिप्सच्या फरशीत तांबूस खडे जास्त असतील, तर सायीसारखा पांढरा, फिकट पिवडी आणि मातकट गुलाबी या ऊबदार छटांचे घर शोभून दिसते. स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा असतो. तो स्वतःच इतका गडद असतो की त्याच्या मागच्या आणि बाजूच्या भिंती फिकट ठेवल्या तरच तेथे काम करणाऱ्या बाईला ताटातले नीट दिसते. नव्या घरांतील चकचकीत पांढऱ्या टाईल्स बहुतेक वेळा निळसर पांढऱ्या असतात आणि त्यांच्या शेजारी पिवळट पांढरा रंग मळल्यासारखा दिसतो. एवढी एक गोष्ट ध्यानात आली, तरी निम्मे काम झाले असे समजावे, कारण पांढऱ्यातही ऊबदार आणि थंड असे दोन स्वभाव असतात आणि ते एका घरात मिसळले की नेमके काय बिघडले हे न कळता घर बिघडलेले दिसते.

फरशी आणि दारे यांच्यावरून स्वभाव ठरला, की त्या स्वभावाचा एक फिकट रंग सगळ्या घराचा मुख्य रंग म्हणून घ्यावा आणि सपरीपासून स्वयंपाकघरापर्यंत तोच फिरवावा. सजावटीचे काम करणारे लोक साठ, तीस आणि दहा टक्क्यांचे एक प्रमाण सांगतात, ते आपल्या घरांनाही लागू पडते: दिसणाऱ्या पृष्ठभागाचा ६० टक्के भाग मुख्य रंगाचा, ३० टक्के त्याच्या सोबतीच्या रंगाचा आणि १० टक्के उठावाच्या रंगाचा. मोजपट्टी घेऊन हे प्रमाण सांभाळण्याची गरज नाही. सोबतीचा रंग म्हणून शेड कार्डाच्या त्याच पट्टीवरील दोन-तीन चौकोन पुढची गडद छटा एखाद्या खोलीच्या एका भिंतीला द्यावी. पडदे, सोफ्याची किंवा दिवाणावरची चादर त्याच कुळातली असावी. आणि उठावाचा रंग देवघराचा कोनाडा, भिंतीतली फडताळे, दाराची चौकट अशा लहान जागांपुरता ठेवावा. मुलांना स्वतःच्या खोलीचा रंग स्वतः निवडायचा असतो आणि त्यांचे मन मोडावे असे मी म्हणत नाही. त्यांच्या आवडीचा रंग अभ्यासाच्या टेबलामागच्या भिंतीला द्यावा आणि उरलेल्या तीन भिंती घराच्या मुख्य रंगाच्याच ठेवाव्यात, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात.

काही रंगांमागे श्रद्धा असते आणि त्यांचा विचार केवळ शोभेच्या दृष्टीने करता येत नाही. विदर्भातील असंख्य घरांत निळा रंग हा १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची आणि बाबासाहेबांची आठवण आहे. काही घरांत भगवा, तर काही घरांत हिरवा रंग त्याच जिव्हाळ्याने लावला जातो. असा रंग चारही भिंतींना दिला की तो रोजच्या पसाऱ्यात हरवून जातो. तोच रंग प्रतिमेमागच्या एका भिंतीला, स्वच्छ कड धरून दिला आणि सभोवती शांत पांढरा ठेवला, तर घरात शिरताच दृष्टी आदराने तेथेच जाते. ज्या घरी मी असे सुचवले, तेथील वडीलधाऱ्यांना ते मनापासून पटले, हे नमूद करताना मला समाधान वाटते.

उजेडाचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून खिडक्या लहान ठेवतात, आणि चार महिने त्यांवर कूलरचे तट्टे किंवा जाड पडदे असतात. त्यामुळे ऐन दुपारी आपल्या खोल्या अंधाऱ्या असतात. रंग किती प्रकाश परत फेकतो याचे शून्य ते शंभर असे मोजमाप असते. चांगला पांढरा ८० च्या वर असतो, तर गडद जांभळा किंवा तपकिरी २० च्याही खाली. लहान खिडकीच्या खोलीत ६० पेक्षा कमी मोजमापाचा रंग मुख्य भिंतींना देऊ नये, असे माझे मत आहे. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर थंड आणि निळसर असतो, म्हणून त्या बाजूच्या खोलीत ऊबदार पांढरा घ्यावा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचे पिवळे ऊन शिरते आणि तेथे नारिंगी छटा अंगावर येते. छत सर्वत्र स्वच्छ पांढरे असावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आतून फिकट रंग दिल्याने घर थंड राहते असे अनेकजण सांगतात, पण उष्णता मुख्यतः स्लॅबमधून आणि टिनांतून उतरते; ती रोखायची तर वर, गच्चीवर, पांढऱ्या चुन्याचे हात मारावे लागतात. आतला फिकट रंग उजेड वाढवतो, आणि तेवढ्यासाठीही तो मोलाचा आहे.

छटा निवडताना शेड कार्डावरील बोटाएवढ्या चौकोनावर कधीही विसंबू नये. तो रंग चार भिंतींवर पसरला की चौकोनात दिसला त्याहून गडद आणि भडक भासतो, कारण प्रत्येक भिंत समोरच्या भिंतीवर आपली झाक टाकते. लहानात लहान डबा आणून, दारातून येणारा उजेड जिच्यावर पडतो त्या भिंतीवर आणि अंधाऱ्या कोपऱ्यात असे दोन-दोन फुटांचे तुकडे रंगवावेत आणि ते सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून पाहावेत. गावांत बहुतेक घरी निळसर पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे असतात; त्यांच्याखाली पिवडीची छटा फिकी आणि हिरवट दिसते, तर पिवळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली तीच छटा खुलते. पसंत पडलेल्या छटेचा क्रमांक डब्याच्या झाकणावरून वहीत उतरून ठेवावा आणि लागेल तेवढा सगळा रंग एकदम घ्यावा, म्हणजे अर्ध्या भिंतीत छटा बदलण्याचा प्रसंग येत नाही. हिशेब सोपा आहे. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली असेल, तर चार भिंतींचे ४४० चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा करता ४०० धरावेत आणि डब्यावर छापलेल्या चौरस फुटांनी भागावे. मुख्य रंग घरभर एकच असला की उरलेला रंग दुसऱ्या खोलीत लागतो आणि अर्धे डबे माळ्यावर पडून वाया जात नाहीत.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ वाटते, तिच्याकडे वळतो. आम्ही पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात राहतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात भूगर्भातले पाणी खारे आहे आणि तेच पाणी विटा भिजवण्यास, गिलाव्यास आणि बांधकामावर मारण्यास वापरले गेलेले असते. पाण्याबरोबर क्षार भिंतीत शिरतात. पाणी सुकताना पृष्ठभागाकडे येते, उडून जाते आणि क्षार मात्र रंगाच्या पापुद्र्यामागे स्फटिक होऊन फुगतात व त्या पापुद्र्याला ढकलून देतात. यालाच आपण लोणा म्हणतो. अशा भिंतीवर कितीही महागडा रंग लावला, तरी वर्षा-दोन वर्षांत जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत त्याच्या पोपड्या निघतात आणि मग घरची माणसे रंगाला, दुकानदाराला किंवा पेंटरला दोष देतात. बरेच पेंटर यावर खालच्या तीन-चार फुटांना ऑइल पेंटचा पट्टा मारण्याचा उपाय सांगतात. हा उपाय भिंतीला घातक आहे, कारण ऑइल पेंटने भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल त्या पट्ट्याच्या वर चढून तेथे लोणा लागतो.

खरा मार्ग धीराचा आहे. आधी ओल कोठून येते ते शोधावे: न्हाणीचे पाणी जोत्यालगत मुरते का, सांडपाण्याची नाली भिंतीला चिकटून आहे का, मागच्या बाजूला शेणाचा किंवा मातीचा ढीग जोत्याच्या वर आला आहे का. ते दूर केल्यावर लोणा तारेच्या कोरड्या ब्रशने खरडून झाडून टाकावा. पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. त्यानंतर एक उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी. इतके करूनही खालचा भाग ओलसर राहत असेल, तर तेथे इमल्शनचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या तयार रंगाचा, हट्ट सोडून चुनाच द्यावा. चुना हवेतील कर्बवायू शोषून घट्ट होतो, भिंतीची वाफ बाहेर जाऊ देतो, आणि दरवर्षी एक हात देण्याचा खर्चही अल्प असतो. घराचा मुख्य रंग ऊबदार पांढरा असेल, तर चुन्यात चिमूटभर पिवडी घालून त्याच्याशी जवळचे नाते जुळवता येते. मुख्य रंग थंड असेल तर नीळ वापरावी, मात्र शासकीय बांधकामांच्या नियमांत किलोभर चुन्याला ३ ग्रॅमपेक्षा जास्त नीळ घालू नये असे सांगितले आहे, ते ध्यानात ठेवावे. चुना भिजवताना आणि मारताना डोळ्यांची फार काळजी घ्यावी, त्याचा थेंबही डोळ्याला इजा करतो. रंग पातळ करण्यासाठी बोअरचे खारे पाणी मुळीच वापरू नये. पिण्यासाठी नळाने येणाऱ्या पाण्याच्या दोन बादल्या बाजूला काढून ठेवाव्यात.

दुसरी अडचण काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. दाराच्या कोपऱ्यापासून तिरकी वर गेलेली भेग दरवर्षी त्याच जागी उघडत असेल, तर ती पुट्टीने बुजवून भागत नाही. तो पायाचा प्रश्न असतो आणि गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवल्याशिवाय तेथे रंगाचा पैसा घालू नये. केसासारख्या बारीक भेगा मात्र पुट्टी भरून, घासून, प्रायमर देऊन झाकता येतात. नवीन गिलावा असेल तर तो पूर्ण वाळेपर्यंत, निदान २८ दिवस, रंगाला हात लावू नये. दिवाळीपूर्वी घर झळकले पाहिजे या आग्रहापायी ओल्या भिंती रंगवल्या जातात, हे मला दरवर्षी दिसते आणि वाईट वाटते. दिवाळीला सपरी व देवघर चुन्याने उजळून घ्यावे आणि आतले मोठे काम मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या कोरड्या, थंड दिवसांत करावे. वैशाखात भिंती कोरड्या असतात खऱ्या, परंतु रंग ब्रशवरच सुकू लागतो आणि भिंतीवर पट्टे उमटतात. लग्नासाठी त्या दिवसांत रंगवणे भागच असेल तर सकाळच्या पहिल्या प्रहरी काम उरकावे.

दारांविषयी थोडे. चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलातले सागवान आपल्या जुन्या घरांच्या दारांत, चौकटींत आणि खांबांत आहे, आणि त्यावर निळ्या-हिरव्या ऑइल पेंटचे थर चढलेले आहेत. हे थर काढून लाकूड मोकळे केले, तर त्याचा मधासारखा तपकिरी रंग सगळ्या घराच्या रंगसंगतीचा आधार होतो. परंतु जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० भाग प्रति दशलक्ष या मर्यादेत आणणारे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचे थर कोरडे घासल्यास त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. ते पाणी लावून, घराबाहेर घासावेत, मुलांना व गरोदर बायकांना दूर ठेवावे आणि निघालेला कचरा गोळा करून घ्यावा. मोकळ्या लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्यावा. जवस हे आपल्याच नागपूर विभागातले पीक आहे, आणि उकळून तयार केलेले त्याचे तेल लाकडावर चांगले वाळते. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात; उन्हात पसरून वाळवावीत.

घरकुलांचा उल्लेख केल्याखेरीज हे पत्र अपुरे राहील. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, ठरवलेले आहे आणि सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. बांधकामातच हे पैसे सरतात, आणि रंगाला जे काही उरते ते दर्शनी भिंतीवर खर्च होते. आतले घर गिलाव्याचे राखाडीच राहते. माझी कळकळीची विनंती आहे, की थोडे पैसे आत वळवावेत. एवढ्या लहान घराला एकच रंग द्यावा, छतालाही त्याचीच सर्वांत फिकट छटा द्यावी आणि दारांना तेवढा एक गडद रंग द्यावा. खोलीखोलीला रंग बदलला नाही की भिंतींच्या सीमा डोळ्याला टोचत नाहीत आणि घर होते त्याहून ऐसपैस वाटते. चुन्यात पिवडी घालूनही हे साधते, त्यासाठी महाग इमल्शनच पाहिजे असे नाही.

रंग ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हेही स्पष्टपणे लिहितो. दुकानात बहुधा घरचा कर्ता पुरुष आणि पेंटर असे दोघे जातात आणि छटा ठरवून येतात. घरात दिवसाचे सर्वाधिक तास ज्या बायका काढतात, चुलीचा किंवा फोडणीचा धूर कोणत्या भिंतीवर बसतो, मुलांचे तेलकट हात कोठे लागतात, दुपारी तांदूळ निवडायला उजेड कोठे कमी पडतो, हे ज्यांना पक्के ठाऊक असते, त्यांना विचारलेही जात नाही. ही रीत बदलली पाहिजे. शेड कार्ड घरी आणून सासू-सुनांपुढे ठेवावे आणि शेवटचा शब्द त्यांचा असावा.

आपल्या दैनिकाच्या दसरा-दिवाळीच्या पुरवणीत घरसजावटीवर जे लेख येतात, ते शहरातील सदनिका समोर ठेवून लिहिलेले असतात. यंदा त्या पुरवणीत निदान एक पान सपरी-माजघराच्या, कवेलूच्या आणि घरकुलाच्या घरांना द्यावे, आणि त्यात खारपाणपट्ट्यातील भिंतींवर कोणते काम टिकले याची छायाचित्रे वाचकांकडून मागवावीत, अशी माझी सूचना आहे. गावोगावच्या तरुणांना रंगकामाचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही ब्रश आणि रोलर चालवण्याबरोबर लोणा ओळखणे, चुना भिजवणे आणि फरशीवरून छटा निवडणे या गोष्टी शिकवाव्यात. असा शिकलेला पेंटर आमच्या तालुक्यात आला, तर त्याला वर्षभर काम पुरेल.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती